तो येऊन गेला आणि मला कळलंच नाही का?

या वेळचं पत्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका बहिणीचं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र लांब होतं, त्यातला मुख्य भाग देते:

"बाई, प्रभू येशूच्या नावात सलाम. माझं वय ४१. मी अंगणवाडी सेविका आहे, मालक एसटीत ड्रायव्हर, मुलगा यंदा दहावीला. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत आणि त्यांचं सगळं मीच बघते. रोज पहाटे साडेचारला उठून प्रार्थना करते, एक दिवस चुकवलेली नाही. पण खरं सांगते, मला काही म्हणजे काही जाणवत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. आमच्या शुक्रवारच्या बायकांच्या प्रार्थनेत कुणाला दर्शन होतं, कुणाला वाणी ऐकू येते. मागे एक पाहुणे उपदेशक आले होते. ते म्हणाले, ज्या घरात प्रार्थनेचं उत्तर येत नाही त्या घरात पाप लपलेलं असतं. त्या दिवसापासून मी सभेला गेले नाही. जन्माने ख्रिस्ती आहे, बाप्तिस्मा झालाय, प्रभुभोजन घेते, पण ख्रिस्ताला मी ओळखते का, हे मला सांगता येत नाही. तो माझ्या दारावरून येऊन गेला आणि मला कळलंच नाही, असं तर झालं नसेल? अजून किती वाट बघायची?"

प्रिय बहिणी, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मूळ प्रश्नाकडे येते, पण त्याआधी त्या पाहुण्यांचं वाक्य तुमच्या घरातून बाहेर काढू द्या. तीन वर्षं जी बाई एका आजारी माणसाचं हगणं-मुतणं काढते आहे, तिच्या घरात पाप लपलंय असं सांगायला जीभ कशी रेटते, मला कळत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मांध माणूस रस्त्याच्या कडेला बसलेला, आणि शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू सरळ सांगतो, याने नाही आणि याच्या आईबापानेही नाही. आणि ईयोबाचे मित्र आठवा. तेही हेच म्हणत होते, तुझं काहीतरी चुकलंय म्हणून हे भोगतोयस. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर भडकतो. तेव्हा ते वाक्य आजपासून तुमचं नाही. ते ज्याचं त्याच्याकडे परत गेलं असं समजा.

आता ओळखीचं. आपल्या भाषेत ओळख करून घ्यावी लागते, ओळख ठेवावी लागते, कधी जुनी ओळख निघते. पण ओळख 'पटते', ती आपण पटवून पटत नाही. तिची वेळ आली की ती पटते. तुम्ही पहाटे साडेचारला बसून ती पटवून घ्यायची धडपड करता आहात आणि रोज हरल्यासारख्या उठता आहात, असं तुमच्या पत्रावरून मला वाटलं.

माझ्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली. शेवटची सहा वर्षं त्यांना काही दिसत नव्हतं. मी शाळेतून यायचे, आमच्या फाटकाची कडी काढायचे, आणि आतून लगेच हाक यायची, "आलीस का गं?" फाटक दिवसभर दहा जण उघडायचे. दूधवाला, पेपरवाला, शेजारची पोरं. तेव्हा ते गप्प असायचे. एकदा मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं मीच आहे? ते म्हणाले, तू कडी काढतेस आणि मग जरा थांबतेस, ती परत लावायला. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. त्यांनीही ते कधी मुद्दाम लक्षात ठेवलं नव्हतं. रोज संध्याकाळी पाच वाजता ते त्या खुर्चीत बसलेले असायचे, एवढंच. शेकडो संध्याकाळी. त्यातल्या बहुतेक संध्याकाळी त्यांना काही विशेष जाणवलं असेल असं मला वाटत नाही. कंटाळाच आला असेल. पण त्या कंटाळ्यातच त्यांचा कान तयार होत होता.

वाट बघणं म्हणजे नुसता रिकामा वेळ जाणं, असं आपल्याला वाटतं, म्हणून हे लिहिलं.

शिमोन आणि हन्ना तुम्हाला ठाऊक आहेतच. दरवर्षी नाताळनंतर उपदेशात येतात, बाळ येशूला मंदिरात आणलं त्या चाळिसाव्या दिवसाची गोष्ट, २ फेब्रुवारीचा सण. पण त्या दिवशी मंदिरात खरोखर काय दिसत होतं, ते जरा डोळ्यांसमोर आणा. यरुशलेमचं मंदिर, आवारात ही गर्दी. प्राण्यांचे आवाज, धूर, वेदीवर जळणाऱ्या चरबीचा वास. त्यात गालीलाकडचं एक गरीब जोडपं तान्हं मूल घेऊन आत येतं. हातात दोन पाखरं, होले किंवा पारव्याची पिल्लं. नियमशास्त्रात बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी कोकरू आणायला सांगितलंय, आणि ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी दोन पाखरांची सवलत आहे. मरीया-योसेफाने ती सवलत घेतली. म्हणजे पाहणाऱ्याला काय दिसलं? ऐपत नसलेलं एक जोडपं आणि सव्वा महिन्याचं पोर. ना प्रकाशाचं वलय, ना देवदूत. आजूबाजूला याजक होते, शास्त्री होते, वचन तोंडपाठ असलेली माणसं होती. त्यांच्या अंगावरून ते मूल गेलं.

शिमोनाने ते हातात घेतलं आणि म्हणाला, प्रभू, आता मला शांतीने जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं.

त्याने पाहिलं ते एवढंच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शुभवर्तमानात शिमोनाच्या वाट्याला एकही चमत्कार आलेला नाही. डोंगरावरचं प्रवचन त्याने ऐकलं नाही, पाण्याचा द्राक्षारस झालेला पाहिला नाही. रोमी शिपाई त्या दिवशीही रस्त्यावर होते आणि दुसऱ्या दिवशीही. तो 'इस्राएलाच्या सांत्वनाची' वाट पाहत होता, आणि हाती आलं ते एक रडणारं बाळ, ज्याला अजून मान धरता येत नसेल. त्याला ते पुरलं. (चित्रात त्याला नेहमी पांढऱ्या दाढीचा म्हातारा दाखवतात, पण ही गोष्ट शुभवर्तमानात लिहिणाऱ्या लूकाने त्याचं वय कुठेच सांगितलेलं नाही. वय सांगितलंय ते हन्नाचं.)

आणि बहिणी, तुमच्यासाठी मला शिमोनापेक्षा हन्नाच जवळची वाटते. आशेर वंशातली, फनूएलाची मुलगी. लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याबरोबर काढली आणि मग विधवा झाली. ८४ वर्षांची होती, किंवा ८४ वर्षं विधवेपणात काढली होती, मूळ वाक्याचा अर्थ दोन्हीकडे लागतो. कसंही धरलं तरी साठ-सत्तर वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. उपास आणि प्रार्थना करत मंदिर न सोडणारी बाई. तिला त्या वर्षांत काय जाणवत होतं? लूक एक अक्षर लिहीत नाही. तिला स्वप्न पडलं, वाणी झाली, अंगावर काटा आला, काही नाही. शिमोनाला निदान पवित्र आत्म्याने आधी कळवलं होतं की ख्रिस्ताला पाहिल्याशिवाय तुला मरण येणार नाही. हन्नाला असं काही कळवल्याचं लिहिलेलं नाही. ती फक्त तिथे होती. 'त्याच घटकेस' ती जवळ आली, असं लूक म्हणतो. दुसऱ्या कुठल्या घटकेला ती घरी गेली असती तर? पण ती जातच नव्हती.

तुम्ही तीन वर्षं साडेचारचा नेम चुकवलेला नाही, असं लिहिलंय तुम्ही. ते तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत. मी ते हन्नाच्या ओळींशेजारी ठेवून वाचलं.

आता आपल्या इथली गोष्ट सांगते, कारण मंदिरातली माणसं आपल्याला फार लांबची वाटतात. पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेलेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेली बाई, विचार करकरून, प्रश्न विचारविचारून ख्रिस्ती झाली. पण पुढे त्यांनी आपल्या साक्षीत स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडलेला नाही.

आठ वर्षं! आणि त्या आठ वर्षांत त्यांनी काय काय केलं ते बघा. अमेरिका पालथी घातली, व्याख्यानं दिली, पैसे उभे केले, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं, टाकलेल्या बालविधवांना शिकवलं, त्यांच्या केसातल्या उवा काढण्यापासून सगळं केलं असणार. हे सगळं त्यांनी 'न सापडलेल्या' ख्रिस्तासाठी केलं. तुम्ही सांगा, ती आठ वर्षं फुकट गेली का? मला तसं कधी वाटलं नाही. उलट असं वाटतं की त्या पोरींच्या निमित्ताने त्या त्याच्या इतक्या जवळ वावरत होत्या की समोरच्या माणसाचा चेहरा दिसायला लागणारं अंतरच उरलं नव्हतं.

त्यांच्याबद्दल आपल्या मंडळ्यांमध्ये १९०५ चं संजीवन फार सांगतात. केडगावला (आपलं नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं) त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, तो काळ. ते झालं आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण त्याच केडगावात त्यानंतरची बरीच वर्षं रमाबाई एका टेबलाशी बसून होत्या, हे कुणी साक्षीत सांगत नाही. पवित्र शास्त्र साध्या बायकांना समजेल अशा मराठीत यावं म्हणून त्यांनी उतारवयात इब्री आणि ग्रीकचा अभ्यास केला. ओळ लिहायची, खोडायची, परत लिहायची. मुक्तीतल्याच मुली छापखान्यात खिळे जुळवायच्या, रमाबाई प्रुफं तपासायच्या. कानांनी कमी ऐकू यायला लागलं होतं. १९२१ साली मनोरमा गेली, एकुलती एक लेक, आपल्यानंतर सगळं सांभाळेल अशी आशा होती ती. तरी त्या टेबलाशी बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. मला जर कुणी विचारलं की रमाबाईंनी ख्रिस्ताला कुठे ओळखलं, तर मी त्या संजीवनाच्या रात्रींकडे जेवढं बोट दाखवीन तेवढंच त्या प्रुफांच्या गठ्ठ्याकडे दाखवीन.

जाणवण्याचं काय, हा तुमचा प्रश्न उरतोच. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणालात. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा पुष्कळ लोकांना धक्का बसला. कलकत्त्यातलं काम सुरू झालं त्या सुमारापासून जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत कोरडेपणा आणि अंधारच जाणवत होता. त्या कबुलीजबाब घेणाऱ्या धर्मगुरूंना तसं लिहीत होत्या आणि सकाळी उठून परत प्रार्थनेला बसत होत्या. तुम्ही मदर तेरेसा आहात असं मी म्हणत नाही. आतून काही न जाणवणं आणि ख्रिस्त तिथे नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकंच दाखवते आहे. ज्यांना शुक्रवारच्या सभेत दर्शन होतं त्यांच्याबद्दलही मला शंका घ्यायची नाही. देव कुणाशी कसा बोलेल हे मी कोण ठरवणार? पण त्यांचा अनुभव ही तुमच्या विश्वासाची फूटपट्टी नव्हे.

आता तुमचं ते वाक्य. तो येऊन गेला आणि मला कळलंच नाही, असं तर झालं नसेल?

झालं असेल. शक्य आहे. पण त्यात भिण्यासारखं काय आहे ते शास्त्रातच बघू. येशू मरणातून उठला त्या दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर त्याचे दोघं शिष्य सुमारे अकरा किलोमीटर चालले, आणि बराच वेळ तो त्यांच्या बरोबर होता. त्यांना कळलं नाही. ते त्याला त्याच्याच मरणाची हकिगत सांगत होते आणि म्हणाले, आमची आशा होती की इस्राएलाची सुटका करणारा तोच आहे. 'आशा होती.' भूतकाळ. तुमच्या पत्राचा सूर मला तोच वाटला. मग त्याने काय केलं? मला ओळखलं नाहीत म्हणून रागावून निघून गेला का? त्याने 'मतिमंद' म्हणून त्यांना टोकलं खरं, पण ते शास्त्र न समजल्याबद्दल, चेहरा न ओळखल्याबद्दल नाही. मग वाटभर शास्त्र उलगडून सांगितलं. गाव आलं तेव्हा तो पुढे जातोय असं दिसलं, आणि त्यांनी आग्रह केला, दिवस उतरलाय, आमच्याकडे राहा. परक्या वाटसरूला भाकरीला थांबवलं, एवढंच त्यांनी केलं. भाकरी मोडताना ओळख पटली. आणि तेव्हा त्यांना मागचं आठवलं, तो वाटेत बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत पेटलं नव्हतं का? म्हणजे वाटेत जाणवलेलंही त्यांना वाटेत कळलं नव्हतं. ते घरी पोचल्यावर कळलं.

याहून मोठी गोष्ट मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, आणि मला तुमच्या पत्राचं उत्तर मुख्यतः तिथेच सापडतं. शेवटच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. तहानेला होतो, मला पाणी दिलंत. आजारी होतो, माझी काळजी घेतलीत. आणि ते नीतिमान लोक काय म्हणतात? 'प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?' आपण हा अध्याय इतक्यांदा ऐकलाय की हा प्रश्न कानावरून जातो. ज्यांना राज्याचं वतन मिळतं, त्यांनीही ख्रिस्ताला ओळखलेलं नाही! डावीकडच्यांनीही नाही, उजवीकडच्यांनीही नाही. दोघांचा प्रश्न एकच आहे. फरक पडला तो ओळखीने पडला नाही, दिलेल्या पाण्याने पडला. राजाने मात्र त्यांना ओळखलेलं होतं, तेव्हाच, त्या पाण्याच्या वेळी.

तुम्ही सही केल्यानंतर खाली, वेगळ्या पेनाने, दोन ओळी लिहिल्या आहेत. मी त्या वर छापल्या नाहीत, पण इथे लिहिते, रागावू नका. "रात्री दोनला कूस बदलायला उठते तेव्हा त्या डाव्या हाताने माझं मनगट धरतात आणि सोडत नाहीत. मला झोप आवरत नसते, कधीकधी हात हिसकावून घेते, मग रडू येतं."

दिवसाच्या चोवीस तासांत भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं म्हणालात, आणि रात्री दोन वाजता एक हात तुमचं मनगट धरतो. मी यावर उपदेश करणार नाही. फक्त तुम्ही विचारलंत, तो कुठून येऊन गेला असेल, तर मला आधी तिथे बघावंसं वाटलं.

पण यातून एक चुकीचा अर्थ निघू शकतो, आणि आपल्या घरांमध्ये बायकांच्या बाबतीत तो फार काढला जातो, म्हणून स्पष्ट लिहिते. सासूबाईंमध्ये ख्रिस्त बघा म्हणजे सगळं एकटीने निमूट ओढत राहा, असं मी म्हणत नाहीये. तुम्ही दोनला उठता आणि परत साडेचारला उठता. मग अंगणवाडी. मला तुमच्या विश्वासाची काळजी कमी आणि झोपेची जास्त वाटते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून 'देवा, आता माझा जीव घे' म्हणाला, तेव्हा देवाने त्याला प्रार्थना करायला उठवलं नाही. देवदूत आला तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं घेऊन. खाल्लं, परत झोपला. परत उठवून परत खायला घातलं. दोन झोपा आणि दोन जेवणं झाल्यावर मग ती होरेब डोंगराची वाट, आणि मग देवाची ती मंद वाणी. हा क्रम मी पुष्कळ थकलेल्या बायकांना सांगितलाय.

तेव्हा पहिलं, साडेचारचा गजर बंद करा. होय, मीच सांगते आहे. साडेपाचला उठा. प्रार्थना दहा मिनिटांची करा. सभेत करतात तशी लांबलचक नको. तेराव्या स्तोत्राने सुरुवात करा, सहाच वचनं आहेत, आणि त्यात दावीद पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारतो, किती वेळ? तुम्ही मला विचारलंत ना, अजून किती वाट बघायची? हा प्रश्न माझ्याकडे पाठवण्याआधी देवाकडे पाठवायचा असतो, आणि तसा तो पाठवायची मुभा शास्त्रातच दिली आहे. स्तोत्र वाचा, मग आदल्या रात्रीचं जे असेल ते जसंच्या तसं सांगा, हात हिसकावलात तेसुद्धा. मग दोन मिनिटं काही न बोलता बसा. काही जाणवायला पाहिजे असं मनाशी धरू नका. फाटकाकडे कान देऊन बसलेल्या माणसासारखं बसा.

दुसरं, रात्रीची पाळी वाटून घ्या. मालकांची रात्रवस्ती नसेल त्या रात्री दोनची कूस त्यांनी बदलायची. त्यांची आई आहे. मुलगा दहावीला आहे हे मला समजतं, पण संध्याकाळी वीस मिनिटं आजीजवळ बसून धडा मोठ्याने वाचला तर त्याचाही अभ्यास होईल. हवेची गादी नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिचा उपयोग होतो. मात्र गादी आली म्हणून कूस बदलणं आपल्या मनाने बंद करू नका, किती वेळाने बदलायची तेही त्यांनाच विचारा.

शुक्रवारच्या सभेला सध्या गेला नाहीत तरी चालेल. रविवारची उपासना मात्र सोडू नका, आणि प्रभुभोजनाला जा, मनात काही नसलं तरी जा. तुमच्या पाळकांच्या पत्नीला एकदा घरी चहाला बोलवा आणि मला लिहिलंत ते सगळं सांगा. मंडळीतल्या दोघीजणींनी आठवड्यातून एकदा दोन तास सासूबाईंजवळ बसावं, असं स्पष्ट शब्दांत मागा. मागायला लाज वाटेल. मागा. आणि एक गोष्ट, झोप मिळूनही महिनाभरात मन असंच विझलेलं राहिलं, जेवणाची चव गेली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर तो विश्वासाचा प्रश्न समजून बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि हेच शब्द सांगा. तसले विचार मनात येत असतील तर महिना थांबूही नका, आजच घरात सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

आणखी एक सुचवते. उजवी बाजू आणि वाचा एकदम जाते तेव्हा बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला मार बसलेला असतो. अशा कित्येक माणसांना साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेलं गाणं चालीसकट म्हणता येतं. डॉक्टर लोकांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि गाण्याच्या चालीवरून बोलणं परत शिकवायची एक पद्धतही त्यावरून निघालेली आहे. सगळ्यांना जमतंच असं नाही, आणि जमलं म्हणजे त्या बऱ्या झाल्या असंही नाही. पण तुमच्या सासूबाई जुन्या पिढीतल्या. उपासना-संगीतातली भजनं त्यांना तोंडपाठ असणार, संडे स्कूलपासूनची. संध्याकाळी त्यांच्या डाव्या बाजूला बसा, मनगट त्यांच्या हातात द्या, आणि त्यांच्या आवडीचं एखादं संथ भजन हळूहळू म्हणा. कडव्याच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा. रोज थांबा. काही आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी परत थांबा. तुमची साडेचारची प्रार्थना मी कमी केली, ती ही घ्या तिच्या बदल्यात.

मग्दालीया मरीयेला बागेत उभा असलेला येशू माळी वाटला होता. चेहरा समोर होता, डोळ्यांत पाणी होतं, ओळखू आला नाही. त्याने नावाने हाक मारली, "मरीये", आणि तेवढ्यावर ओळख पटली. ते आठवून तुमचं पत्र मी परत चाळलं. चार पानांच्या पत्रात तुम्ही 'सासूबाई' सतरा वेळा लिहिलंय, पण त्यांचं नाव कुठेच नाही. पुढच्या पत्रात ते कळवा. मी सकाळी नावं घेऊन प्रार्थना करते. तुमचं नाव आता त्यात आहे, त्यांच्या जागी सध्या 'त्या आजी' एवढंच म्हणते आहे.